पाऊण लिटरची चोरी

१

चोरी झाली होती पाऊण लिटर तेलाची, आणि तीही बंद लोखंडी पेटीतून. पेटीला कुठे तडा नव्हता, एकही बोल्ट सैल नव्हता, खाली थेंबभर डाग नव्हता. तरी तेल गायब होतं. त्या तेलापायी एका बाईंच्या टाचेचं हाड फुटलं होतं आणि त्यांच्या मुलाने पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं ठरवून टाकलं होतं.

पेटी म्हणजे गाडीचा गिअरबॉक्स, आणि गिअरबॉक्स म्हटला की तो माझ्या बायकोचा प्रांत. आमच्या घरात गिअरबॉक्स ती उघडते आणि बरण्यांची झाकणं मी, तीही तिने आधी जरा सैल करून दिलेली. सगळे तिला गिअरबाई म्हणतात. मी जन्मभर वर्तमानपत्रासाठी शब्दकोडी रचली. आता तिच्या वर्कशॉपच्या काउंटरवर बसतो आणि आलेल्या प्रत्येक गाडीच्या दुखण्याचा अंदाज बांधतो. तो आजवर एकदाही बरोबर आलेला नाही.

त्या दिवशी गाडी दुसऱ्या गाडीला बांधून आली. मागची बाजू पार चेपलेली. सोबत आले तराजूवाले. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचे, पारखून द्यायचे, हा त्यांचा धंदा. खिशाला पेन लावावं तशी ते पाणसळ लावून हिंडतात. पाणसळ म्हणजे काचेच्या नळीत बुडबुडा असलेली छोटी पट्टी. बुडबुडा मध्यावर आला की जागा सपाट.

"बाई, तुम्ही फक्त आमच्या घरच्यांसमोर एवढंच सांगायचं," ते म्हणाले, "की या गाडीत काही दोष नाही."

"आधी बघते तरी."

"बघण्यासारखं काही नाहीच. पंधरवड्यापूर्वी गिअरबॉक्सचं तेल मी स्वतः बदललंय. पुस्तकात लिहिलंय तसं, अगदी काट्यावर."

"मग भर चढावर गाडी ओढेनाशी कशी झाली?"

"चालवणाऱ्याला विचारा," तराजूवाले म्हणाले. चालवणारा म्हणजे त्यांचा धाकटा मेहुणा. शेजारी बसल्या होत्या त्यांच्या सासूबाई, गाडी त्यांचीच. चढावर गाडी थांबली, मागे घरंगळली आणि मागून येणाऱ्या ट्रकवर आदळली.

सासूबाईंना सगळं गाव मॅडम म्हणतं. वर्षानुवर्षं त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्ध्या गावाला त्यांनी चालवायला शिकवलं. उरलेल्या अर्ध्यात मी. शिकताना गाडी मागे घेत मी त्यांच्या फाटकाचा खांब पाडला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "गाडी कधी चुकत नाही. चालवणारा चुकतो." हे वाक्य त्या प्रत्येक शिकाऊ माणसाला ऐकवत. आता तेच वाक्य त्यांच्या पोटच्या पोरावर उलटलं होतं.

मी आपला उगाच गाडीत डोकावलो. चालकाच्या पायाखालची चटई जागच्या जागी होती. शेजारच्या सीटची मात्र पुढे सरकून गोळा झालेली. मी ती नीट अंथरली. बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की मी लगेच हात मागे घेतला.

तिने गाडी लिफ्टवर चढवली, इंजिन चालू करून तेल कोमट होऊ दिलं आणि खालचा बूच काढला. बुचाच्या आत एक उभी नळी असते; तेल पुरेसं असेल तर तिच्या तोंडावरून थोडं तरी बाहेर येतं. आम्ही तिघं भोकाकडे बघत उभे राहिलो. काहीच आलं नाही. मग तिने वरून मापाने तेल घातलं, आणि बरंच आत गेल्यावर पहिला थेंब पडला.

"तराजूवाले," ती म्हणाली, "पाऊण लिटर कमी आहे."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "अशक्य. मी धार थांबेपर्यंत उभा होतो!"

२

या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये दातांची चाकं नसतात. दोन कप्प्या असतात आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्टा. तेलाच्या दाबाने कप्प्या त्या पट्ट्याला चिमटीत धरतात. दाब गेला की चिमटी सुटते. मग इंजिन कितीही बोंबललं तरी गाडी जागची हलत नाही. हे मला बायकोने इतक्या वेळा सांगितलंय, की आता मी ते गिऱ्हाइकांना स्वतःचं म्हणून सांगतो.

"तेल कमी म्हणजे दाब कमी. सुटलं कोडं," मी म्हणालो.

"मग इतके दिवस गाडी सपाटीवर सुरळीत कशी चालली?"

तिने घातलेलं तेल पुन्हा तेवढंच काढलं, दाबमापक जोडला आणि इंजिन चालू केलं. काटा जागेवर स्थिर. मग तिने गाडीची पुढची चाकं चढत्या घोडीवर घेतली, म्हणजे नाक वर. काटा थरथरायला लागला, आणि बघता बघता खाली बसला. इंजिनचा आवाज तेवढा वाढला. पाऊण लिटर परत घातल्यावर त्याच तिरक्या गाडीचा काटा ढिम्म हलेना.

"चढावर तेल मागे पळतं," ती हात पुसत म्हणाली. "पंपाचं तोंड पुढे. तेल थोडं असलं की ते उघडं पडतं आणि हवा ओढतं. हवेने चिमटी बसत नाही. पोराने काही केलं नाही हो. त्याच्या हातात काही नव्हतंच."

मला हायसं वाटलं. पण तिचा चेहरा काही मोकळा होईना. तिने सगळी सांधेजोड बोट फिरवून पाहिली. सगळं कोरडं ठणठणीत. तेल बोटावर घेऊन हुंगलं. स्वच्छ, नव्या रंगाचं, जळका वास नाही.

"गळलं नाही, जळलं नाही," ती म्हणाली. "मग गेलं कुठे?"

"कुणीतरी काढलं असेल?"

"कोण?"

त्याच वेळी दारात मॅडमची मुलगी उभी राहिली. तराजूवाल्यांची बायको, घरात सगळे तिला ताई म्हणतात. डोळे रडून सुजलेले.

"शोधू नका," ती म्हणाली. "माझ्यामुळेच झालंय ते."

३

गुन्हेगार कबुली देत नाहीत म्हणून पोलिसांच्या डोक्याला ताप होतो. आमच्याकडे उलटाच प्रकार. त्या घरात गुन्हा कबूल करायला रांग लागली होती.

ताईचं म्हणणं असं, की मागच्या आठवड्यात तिने आईच्या नकळत तिची गाडी नेली आणि हँडब्रेक न सोडताच बाजारापर्यंत चालवली. "जळका वास आला, बाई. मी कुणाला बोलले नाही. आणि वर माझ्याच भावाशी अबोला धरलाय. दवाखान्यात तो समोर आला की मी तोंड फिरवते."

"जळले ते मागचे ब्रेक," बायको म्हणाली. "गिअरबॉक्सचं तेल बघा, किती स्वच्छ आहे. तुमचा याच्याशी संबंध नाही. डोळे पुसा आणि भावाला पाठवून द्या."

धाकटा संध्याकाळी आला. शाळेची बस चालवणारा उंचापुरा माणूस, पण स्टुलावर असा बसला की शिक्षा झालेलं मूल बसावं. बसची किल्ली त्याने शाळेत परत करून टाकली होती.

"इतकी मुलं मागे बसतात. मला कुणी विश्वासाने द्यावीत का?" तो म्हणाला. "गाडी ओढेना तेव्हा मी ब्रेक दाबायला हवा होता. मी अॅक्सिलरेटरच दाबत राहिलो."

"कुणीही तेच केलं असतं. तेल कमी होतं, दाब गेला."

त्याने मान हलवली. "आई असती चाकामागे तर तिने सावरली असती. तिला गाडीची नस न् नस कळते. गाडी चुकत नाही, बाई."

बायकोने ते वाक्य तिथेच सोडलं. तिने वेगळंच विचारलं. "मॅडम स्वतः का चालवत नव्हत्या? त्या तर कुणाला किल्ली देत नाहीत."

"गुडघा दुखतोय म्हणाली. मलाही नवल वाटलं."

"आणि वाटेत काय बोलत होत्या?"

"निघाल्यावर नेहमीचंच. आरसा बघ, अंतर ठेव. शेजारी बसली की तिच्या तोंडाला उसंत नसते." त्याने कपाळावरची पट्टी चाचपली. "चढाच्या आधी मात्र एकदम गप्प झाली. दाराची मूठ घट्ट धरली होती. मला वाटलं, गुडघ्यात कळ आली असेल."

"टाच कशी फुटली? डॉक्टर काय म्हणाले?"

"पाय जमिनीला ताठ रोवलेला होता म्हणून. सैल असता तर वाचला असता."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती चटई मी नीट केली होती, हे आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो गेल्यावर मी म्हणालो, "त्यांच्या शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही ब्रेक असायचा. सवयीने पाय दाबला असणार."

"सवयीचा पाय धोका दिसला की दाबतो," ती म्हणाली. "ट्रक मागून आला, अहो. त्यांना दिसणार कसा?"

माझ्या अंगावर काटा आला. "म्हणजे तेल मॅडमनीच—"

"कोडी तुम्ही रचायची, सोडवायची नाहीत," ती म्हणाली. "उद्या त्यांच्या घरी जाऊ. तेल कुठे बदललं ते मला बघायचंय."

४

घर टुमदार होतं. पुढे गाडी लावायची पडवी आणि तिच्यावर लाल फरशी, मॅडमच्या यजमानांनी हयातीत स्वतःच्या हाताने घातलेली. ताई, धाकटा आणि तराजूवाले तिघेही हजर होते. ताई भावापासून चार हात लांब उभी, पण आता तोंड फिरवत नव्हती.

बायको पडवीत कितीतरी वेळ नुसती फिरत होती. मीही फिरलो. भिंतीलगत कुंड्या होत्या, आणि प्रत्येक कुंडीच्या फाटकाकडच्या कडेखाली कौलाचा तुकडा सरकवलेला. कोपऱ्यात एक वीट पडली होती.

"ही वीट कशाला?" बायकोने विचारलं.

"आई चाकाला लावते," ताई म्हणाली. "गाडी उभी केली की वीट. लहानपणापासून बघतोय आम्ही."

"आणि गाडी कशी लावतात? नाक आत की बाहेर?"

"बाहेर!" बहीण-भाऊ एकदम म्हणाले. धाकटा कसनुसा हसला. "आईचा नियम. येताना मागे घेत लावायची, म्हणजे निघताना समोर बघून निघता येतं."

तराजूवाल्यांनी मग तेल कसं बदललं ते दाखवलं. त्यांची चोख रीत ऐकताना मला त्यांचा हेवा वाटला. गाडी होती तिथेच, रोजच्या जागी. तेल कोमट. जुनं तेल काढलं, वरून नवं ओतत राहिले, जास्तीचं खाली ठेवलेल्या डब्यात वाहू दिलं, धार थेंबांवर आली तसा बूच लावला.

"तेल किती उरलं?"

"अंदाजापेक्षा जास्तच उरलं. एक डबा जवळजवळ भरलेला." त्यांच्या बोलण्यात थोडा अभिमान होता. "मी म्हटलं, चला, मागच्या वेळी कुणीतरी उगाच जास्त भरलं असणार."

बायकोने हात पुढे केला. "तुमची पाणसळ द्या जरा."

त्यांनी खिशाकडे हात नेला, आणि तो तिथेच थबकला. त्यांच्या नजरेत काहीतरी लकाकलं. त्यांनी पट्टी तिच्या हातात दिली नाही. स्वतःच खाली बसले, गाडीचं नाक जिकडे असतं त्या दिशेने ती फरशीवर ठेवली आणि वाकून बघू लागले.

बुडबुडा मध्यावर थांबला नाही. तो घराकडच्या टोकाला जाऊन बसला.

"बाबांनी उतार मुद्दाम ठेवला होता," ताई हळूच म्हणाली. "धुतलेलं पाणी फाटकाकडे जावं म्हणून."

मग बायकोने सगळं उलगडून सांगितलं. नाक उताराकडे, म्हणून आतलं तेल पुढे जमा झालं. बुचाची नळी पुढच्या अंगाला, म्हणून चांगलं, हवं असलेलं तेलही जास्तीचं समजून बाहेर वाहून गेलं. चोरी वगैरे काही झालीच नव्हती. ते पाऊण लिटर गाडीत कधी राहिलंच नव्हतं. ते तराजूवाल्यांच्या डब्यात होतं.

तराजूवाले उठले नाहीत. उकिडवेच बसून राहिले. "दुकानदारांना रोज दम देतो मी," ते म्हणाले, "आधी जमीन बघा, मग काटा. आणि इथे... इतकी वर्षं येतोय या पडवीत. सासऱ्यांची फरशी. तिच्यावर पाणसळ लावायचं मनातच आलं नाही." त्यांनी धाकट्याकडे मान वर केली. "तुला मी काय काय बोललो रे. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

धाकट्याने त्यांना हाताला धरून उठवलं. ताईने पुढे होऊन भावाच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि रडू लागली. मला वाटलं, संपलं. नेहमीप्रमाणे माझा अंदाज चुकला.

"भावोजी, तुमच्यावर राग नाही," धाकटा म्हणाला. "पण तेल कमी असलं तरी आईने ते वेळेत ओळखलं असतं. मी नाही ओळखलं. बस मी नाही चालवणार."

५

दवाखान्यात मॅडमच्या खोलीत आम्ही दोघंच गेलो. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, पाय प्लॅस्टरमध्ये. मला बघताच म्हणाल्या, "खांब पाडणारे ना तुम्ही?" मी मान खाली घातली.

बायकोने तेलाची हकिकत सांगितली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं सापडलं. पोराला सांगा, त्याची चूक नव्हती."

"सांगितलं. त्याला पटत नाही. तो म्हणतो, तुम्ही असतात तर सावरलं असतं."

मॅडम खिडकीकडे बघू लागल्या.

"मॅडम," बायको हलक्या आवाजात म्हणाली, "ट्रक लागायच्या कितीतरी आधी तुमचा पाय रोवलेला होता. चढ यायच्या आधीच तुम्ही गप्प झालात. आणि ज्या किल्लीला कुणाला हात लावू दिला नाहीत, ती त्याच दिवशी मुलाला दिलीत. गुडघा दुखत नव्हता ना?"

"तेल बदलल्यावर लगेच सुरू झालं," मॅडम म्हणाल्या. "चढावर पाय दाबावा आणि गाडीने ऐकूच नये. क्षणभरच, मग धरायची. मला वाटलं, माझा पाय गेला. वय झालं. जन्मभर लोकांना सांगितलं, गाडी चुकत नाही. मग स्वतःला दुसरं काय सांगणार? मुलांना कळलं असतं तर किल्ली काढून घेतली असती. म्हणून गुडघ्याचं निमित्त केलं. त्याच्या हातात गाडी नीट चालेल असं वाटत होतं, आणि..." त्यांचा आवाज फुटला. "आणि भीतीही वाटत होती. चालली तर मी म्हातारी झाले. नाही चालली तर..."

"नाही चालली," बायको म्हणाली.

"आदळलो ना, तेव्हा मला आधी काय वाटलं सांगू? बरं वाटलं. म्हटलं, मी नव्हे, गाडीच. पोरगं शेजारी रक्ताळलेल्या कपाळाने आई, आई म्हणून ओरडत होतं, आणि मला बरं वाटलं. हे मी कुठल्या तोंडाने सांगू?" त्यांनी बायकोचा हात धरला. "तेलाचं सांगितलंत ना, तेवढंच पुरे करा. बाकीचं माझ्यापाशी राहू द्या."

बायकोने हात सोडवला नाही. "दाब कुठे गेला ते मी शोधते, मॅडम. ते माझं काम. पण त्याच्या मनातली गाठ माझ्या पान्याने सुटायची नाही. ती तुम्हीच घट्ट बसवली आहे."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "जरा कठोर बोललीस."

"हो," ती म्हणाली. "मलाच ते आवडलं नाही."

६

मॅडमना दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी गाडी तयार होती. मागचा पत्रा तेवढा चेपलेला. बायको म्हणाली, चढावर दाब स्वतः बघितल्याशिवाय गाडी ताब्यात देणार नाही, आणि यंत्राचा छोटा पडदा मांडीवर घेऊन मागे बसली. तिच्या शेजारी मी. तराजूवाल्यांनी मॅडमना उचलून पुढे बसवलं. चालकाची जागा रिकामी होती. धाकटा दाराशी किल्ली हातात घेऊन उभा होता, ती तराजूवाल्यांना द्यायला.

"त्यांना नको देऊस," मॅडम म्हणाल्या. "आधी माझं ऐक."

आणि त्यांनी सांगितलं, सगळं. चढावर निसटणारी गाडी, लपवलेली भीती, खोटा गुडघा. आदळल्यावर बरं वाटलं, तेही. ताईने तोंडावर हात धरला. तराजूवाले जमिनीकडे बघत राहिले.

"मला नाही सावरली ती," मॅडम म्हणाल्या. "कितीदा निसटली. मी ओळखलंही नाही. गाडी चुकली होती, बाळा. आणि मी."

धाकट्याचा चेहरा लाल झाला होता. "मला सांगायचंस ना आई. एकदा तरी."

"हो."

"मी रोज रात्री तोच चढ चढतोय."

"हो रे."

माफी त्यांनी मागितली नाही. मला वाटलं, आता किल्ली फेकून निघून जाईल. त्याने ती मुठीत घट्ट धरली. मग गाडीला वळसा घालून आला, आत बसला आणि दार लावलं, जरा जोरातच.

चढ आला. बायकोची नजर दाबाच्या आकड्यावर, माझी मॅडमच्या पायावर. त्यांचा चांगला पाय सवयीने पुढे सरकला, चटईवर टेकला. त्यांनी तो उचलून प्लॅस्टरवर ठेवला आणि ओठ घट्ट मिटून बसून राहिल्या.

"स्थिर आहे," बायको म्हणाली.

धाकट्याने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "आई, गप्प नको बसूस," तो म्हणाला. "तू गप्प बसलीस की मला भीती वाटते."

मॅडमनी डोळे पुसले, घसा साफ केला.

"आरसा बघ," त्या म्हणाल्या. "अंतर ठेव."